‘पुढच्या वेळी येऊ नगंस’ म्हणणाऱ्या बहिणीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. भुदरगड तालुक्यातल्या एका ताईंची थोरली बहीण नवऱ्याच्या खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगते आहे. आत जाऊन नऊ वर्षं होत आली, अपील अजून पडून आहे. पहिली दोन वर्षं ती रडायची, भांडायची, वकिलाच्या नावानं बोटं मोडायची. नंतर शांत झाली. आता मात्र गेल्या काही मुलाखतींत (तुरुंगातल्या भेटींत) ती जेमतेम बोलते. मजुरीचे साठलेले पैसे मुलाच्या नावावर टाका म्हणाली. ‘पुढच्या वेळी येऊ नगंस, गाडीखर्च कशाला’ असं म्हणून वेळ संपायच्या आत उठून गेली. तिथल्या महिला शिपाई म्हणतात, ‘तिची काही तक्रार नाही, बराकीतली सगळ्यांत शहाणी बाई आहे.’ ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: यात घाबरण्यासारखं काही आहे का, बाहेर राहून आम्ही काय करू शकतो, आणि तिच्या सोळा वर्षांच्या मुलाला भेटीला न्यावं का. मुलगा ताईंकडेच वाढतोय, पण घटनेपासून एकदाही आईकडे गेलेला नाही. कारागृहाचं नाव त्यांनी लिहिलं होतं, ते मी इथे घेत नाही.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. कोल्हापुरात माझा दवाखाना आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कारागृहांत महिला बंद्यांबरोबर मी बरीच वर्षं काम केलंय.

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. होय, काळजी करा. आणि पुढच्या महिन्याची वाट न बघता या आठवड्यातच जा. ‘येऊ नगंस’ हे वाक्य, पैशाची निरवानिरव आणि अर्ध्यातून उठून जाणं, या तीन गोष्टी एका माणसात एकाच वेळी दिसल्या की मी थांबत नाही. त्यातून काही वाईटच निघेल असं नाही. पण विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायला उशीर परवडत नाही.

आता ती ‘शहाणी बाई’. तुरुंगात शहाणी कुणाला म्हणतात? जी वेळेवर उठते, गिनतीला उभी राहते, भांडत नाही, दवाखान्याच्या रांगेत रोज दिसत नाही. शिपाई बाईंना शंभर व्याप असतात. जिचा त्रास नाही तिच्याकडे लक्ष कमी जाणार, यात त्यांचा वाईट हेतू नसतो. त्यामुळे आरडाओरडा करणारी, हातावर ओरखडे काढणारी बाई निदान डॉक्टरपर्यंत पोचते (तिलाही ‘नाटकी’ म्हणून हिणवलं जातं, तो वेगळा संताप). गप्प झालेली पोचतच नाही. माझं मत असं की लांब शिक्षेच्या बाईची जोखीम ओळखायला सगळ्यात उपयोगी कागद कारागृहाच्या दवाखान्यात नसतो, तो मुलाखतीच्या नोंदवहीत असतो. कोण येतं, कोण यायचं थांबलं, शेवटचं कधी आलं, तिनं भेट कधी नाकारली, हे त्या वहीतून जेवढं कळतं तेवढं प्रश्नावलीतून कळत नाही. म्हणूनच तुम्ही बाहेर असूनही बघ्या नाही. तिच्या प्रकृतीची खबर सर्वांत आधी तुम्हालाच लागलेली आहे.

हे बायकांच्या बाबतीत जास्त खरं का, ते सांगते. २०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशभरातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी महिला २३,७७२ होत्या, म्हणजे शंभरात चार. इतक्या थोड्या असल्यामुळे बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या कारागृहाच्या एका कोपऱ्यात भिंत घालून महिला विभाग केलेला असतो. एक अंगण, दोनचार बराकी, काम ठरावीक: शिवण, निवडणं-टिपणं, खाद्यपदार्थ. आपल्या कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळलेत, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. असं काम मिळतं तिथे बायांचे चेहरे वेगळे दिसतात, हे मी ठामपणे म्हणेन. पण हे सगळीकडे आणि सदासर्वकाळ नसतं. महिला डॉक्टर क्वचित. आणि त्याच त्या मोजक्या बाया वर्षानुवर्षं समोर. एकीशी बिनसलं तर जायला दुसरी जागा नाही.

त्यात माणसं तुटतात. पुरुष कैद्याच्या भेटीला बायको येते, आई येते, पोरं कडेवर घेऊन एसटीनं येतात, उन्हात गेटबाहेर बसतात. बाई आत गेली की नवरा पहिल्या वर्षात दोनदा येतो, मग दुसरं लग्न करतो. नवऱ्याच्याच खुनाचा गुन्हा असेल तर सासरचं दार बंद, आणि माहेरी ‘गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही’. तुम्ही नऊ वर्षं जाताय, हे मी पाहिलेल्या बहुतेक घरांपेक्षा जास्त आहे.

आत आलेल्यांपैकी कितीतरी जणींनी बाहेर आधीच मार खाल्लेला असतो. लहानपणीचा अत्याचार, दारुडा नवरा, कोवळ्या वयातलं लग्न. ते सारं बराकीत सोबत येतं आणि रात्री टाळं पडलं की उघडतं. नवऱ्याच्या खुनात शिक्षा झालेल्या बायांबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही: त्यातल्या काही जणी त्याच नवऱ्यासाठी शोक करतात. केलं तिनं, आणि रडतेही त्याच्यासाठीच. ‘तुला रडायचा काय अधिकार’ असं आजूबाजूच्या म्हणतात, म्हणून तो शोक कधी मोकळा होत नाही. आणि आपण केलंच नाही असं म्हणणाऱ्या असतात, त्यांचं दुःख आणखी निराळं. तुमची बहीण कुठल्या बाजूची आहे हे ठरवणं तुमचं काम नाही, माझंही नाही. ते कोर्टावर सोडा.

इंग्लंड आणि वेल्समधल्या कारागृहांचा २००४ ते २००९ या काळातला मोठा अभ्यास आहे. त्यात दर वर्षी महिला बंद्यांपैकी २० ते २४ टक्के जणींनी स्वतःला इजा करून घेतल्याचं दिसलं. पुरुषांत हेच प्रमाण ५ ते ६ टक्के होतं. जन्मठेप हा महिलांमधला जोखीम वाढवणारा घटक त्यात ठळकपणे आला. आपल्याकडे २०२२मध्ये कारागृहांतले १५९ मृत्यू अनैसर्गिक म्हणून नोंदले गेले, त्यातल्या ११९ आत्महत्या होत्या. पुरुष-महिला मिळून आहे हा आकडा. पण कारागृहातल्या अनैसर्गिक मृत्यूंत मारामारी आणि अपघात मागे आणि आत्महत्या पुढे, एवढं त्यातून लख्ख दिसतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं जून २०२३मध्ये सगळ्या राज्यांना याबद्दल वेगळी सूचना पाठवली ती उगाच नाही.

धोका पूर्ण शिक्षाभर एकसारखा नसतो. अटकेनंतरचे पहिले दिवस वाईट, शिक्षा सुनावल्यानंतरचा आठवडा वाईट, हे तुरुंगातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि त्या वेळी पहारा ठेवतातही. लांब शिक्षेच्या बाईला पुढेही असे धोक्याचे टप्पे लागतात, ते मात्र कुणाच्या वहीत लिहिलेले नसतात. अपील फेटाळलं गेलं. आई वारली आणि बातमी तेराव्यानंतर कळली. मुलीचं लग्न ठरलं आणि सोयऱ्यांना ‘आई नाही’ असं सांगितलं. बराकीतल्या दुसऱ्या कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं. त्यानंतरचे काही आठवडे आजूबाजूच्या सगळ्याच जणींवर लक्ष हवं. संचित रजेवरून (फर्लो, म्हणजे शिक्षेदरम्यान काही दिवस घरी जायची रजा) परत आल्यावरचे दिवस, कारण घर आपल्याशिवाय चालतंय हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दिवाळी आणि गौरी-गणपती तर विचारूच नका.

आणि मूल. आईसोबत मूल वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात ते घालून दिलं. सहा वर्षं भरून मूल बाहेर जातं तेव्हा एकटी आई कोसळते असं नाही. पूर्ण बराक त्या पोराची मावशी झालेली असते. जिचं स्वतःचं मूल बाहेर तिला विसरत चाललंय, अशी बाई अशा वेळी सगळ्यांच्या नकळत ढासळते. तुमच्या बहिणीच्या आसपास असं काही घडलंय का, ते विचारा.

नऊ-दहा वर्षांच्या टप्प्यावर आणखी एक गोष्ट होते. आपल्याकडे ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हे पोरासोरांना तोंडपाठ. बाई पहिल्या दिवसापासून बोटं मोजत असते. मग कधीतरी कुणी जाणकार बंदी किंवा वकील सांगतो की तसं नाही. कायद्यानं जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सुटकेचा विचारही होत नाही, आणि १४ भरली म्हणून दार आपोआप उघडत नाही. सरकार गुन्ह्याची वर्गवारी बघतं, अहवाल मागवतं, कुणाला २०, कुणाला २४ वर्षंही काढावी लागतात. ज्या आकड्यावर तिनं नऊ वर्षं रेटली तो आकडाच खोटा निघाला, तर माणूस गप्प होतं. हे तिला कुणी, कसं सांगितलं, याचा शोध घ्या. ही खरी माहिती तिला कळायलाच हवी, पण ती देणाऱ्यानं पुढचा रस्ताही सोबत सांगायला हवा.

शरीराकडेही बघा. आमच्या भागातली बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. डोकं धरतं, छातीत धडधडतं, मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला डोळा उघडतो तो मिटत नाही, असं म्हणते. कुणाच्या अंगात येतं. यावर आत वर्षानुवर्षं दुखण्याच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या जातात. तुमची बहीण चाळिशी ओलांडलेली असणार; पाळी जाण्याच्या सुमाराला उदासीपणा, चिडचिड, झोपमोड वाढते, थायरॉइडही बिघडू शकतो. रक्त तपासल्याशिवाय सगळं मनावर ढकलू नये. आणि कानात आवाज येतात, कुणीतरी जेवणात काहीतरी घालतंय असं ती म्हणू लागली, तर तो निराळा आजार आहे. त्याला मनोविकारतज्ज्ञच लागतो.

आता भेटीत काय बोलायचं. वेळ थोडा, मध्ये काच, फोन कानाला, शेजारी दुसरं कुटुंब ओरडून बोलतंय. अशा वेळी ‘कशी आहेस’ला ‘बरी हाय’ एवढंच उत्तर येणार. घराचा सगळा पाढा वाचू नका. सरळ विचारा: ‘अक्का, जीव नकोसा झालाय का? मरावं असं मनात येतं का?’ हे विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट, कुणीतरी तो शब्द उच्चारला म्हणून बाई पहिल्यांदा हुंदका देते, हे मी फार वेळा पाहिलंय. ती ‘व्हय’ म्हणाली तर दचकू नका, ‘असं बोलू नये, पोराकडं बघ’ असं म्हणून तोंड बंद करू नका. ‘कधीपासून?’ विचारा. ‘काही ठरवलंयस का?’ विचारा. ‘बराकीत कुणाला बोललीस?’ विचारा. आणि सांगा: ‘मी आज साहेबांना आणि डॉक्टरला सांगणार. तुझ्यावर रागावून नाही, तू पाहिजेस म्हणून.’ गुपित ठेवायचं वचन देऊ नका. पुढची तारीख ठरवूनच उठा आणि ती तारीख काही झालं तरी पाळा. पत्र लिहिणार असाल तर लक्षात ठेवा, ते अधिकारी वाचतात. ती पत्रात मोकळं लिहिणार नाही.

गेटवरून परतायच्या आधी लेखी अर्ज द्या. अधीक्षकांच्या नावे, एक प्रत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आणि पोच घ्या. काय पाहिलं तेवढंच लिहा: भेट नाकारणं, पैसे वाटून टाकण्याची भाषा, तिनं तोंडानं काय सांगितलं, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. तिला मनोविकारतज्ज्ञाकडून तपासावं अशी विनंती करा. आणि एक वाक्य जरूर घाला: तिला एकटीला वेगळ्या कोठडीत ठेवू नये. घाबरलेली यंत्रणा पटकन तेच करते. एकटं ठेवणं हा सुरक्षेचा उपाय वाटतो, पण जगभराचा अनुभव उलटा आहे. एकांत जोखीम वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं कारागृहांसाठी २००७मध्ये काढलेल्या मार्गदर्शनातही भर आहे तो माणसांच्या सोबतीवर आणि नजरेवर. विश्वासातली एखादी जुनी बंदी तिच्याशेजारी झोपली तर उत्तम, मात्र पहाऱ्याची जबाबदारी त्या बाईच्या गळ्यात घालता येत नाही.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम १०३प्रमाणे मानसिक आजार असलेल्या बंदीला कारागृहाच्या वैद्यकीय विभागातल्या मनोविकार कक्षात, आणि तो नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या परवानगीनं बाहेरच्या मनोरुग्णालयात हलवता येतं. आपल्या भागाला जवळची सरकारी मनोरुग्णालयं रत्नागिरी आणि येरवड्याची. पण दर वेळी इतक्या लांब न्यावं लागत नाही. बहुतेकींना जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञांची नियमित फेरी, समोर बसून दिलेली औषधं आणि महिन्यातून दोनदा बोलायला एक माणूस एवढं पुरतं; कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. औषध सुरू झालं तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, हे तिला आणि तुम्हाला आधी माहीत हवं, नाहीतर ‘गोळ्या खाऊन काही फरक नाही’ म्हणून ती सोडते. त्याच कायद्याच्या कलम १४नं तिला साध्या कागदावर सही करून स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. तुमचं नाव द्यायला सांगा. मग तिच्या उपचारांबद्दल विचारायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

कित्येक जणी ‘सांगितलं तर आणखी एक केस पडेल’ या धाकानं गप्प राहतात. त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या दंड संहितेतल्या ३०९सारखं, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम राहिलेलं नाही. एक मेख आहे: या संहितेचं कलम २२६. सरकारी नोकराला त्याचं काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून रोखण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न अजून गुन्हा आहे, आणि तुरुंगात प्रत्येक समोरचा माणूस सरकारी नोकरच असतो. म्हणून अर्जात ‘दबाव’, ‘इशारा’ असली भाषा नको. त्रास आणि आजार, एवढंच लिहा. मदत मागणं या कलमात बसत नाही.

यातलं निम्मं दुखणं कोर्टाच्या कागदांत अडकलंय. १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयात सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे. मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत म्हणून तुम्ही अपिलाची विचारपूस सोडली असेल, तर आता ती धरा. वकिलाची फी जमत नसेल तर महिला म्हणून आणि बंदी म्हणूनही तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारा. अपील कुठल्या टप्प्यावर आहे, एवढं एका कागदावर लिहून तिच्या हातात पडलं तरी फरक पडतो. गोळीपेक्षा तारखेनं बरी झालेली बाई मी पाहिली आहे.

दुसरं, संचित रजा. ती कधी बाहेर आलीय का? बायांचे अर्ज बऱ्याचदा यामुळेच पडून राहतात की जामीनदार उभा राहत नाही आणि गावातून पोलिसांना ‘इथे नको’ असं सांगितलं जातं. तुम्ही जामीनदार व्हायला तयार असाल तर तसं लिहून द्या, पोलीस पाटलांशी आधी बोला. सासरच्या गावापासून लांब, तुमच्याच घरी ती राहील असं दाखवलं तर विरोध कमी होतो. परत जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र तिला एकटी सोडू नका, आणि परतल्यावर आठवडाभरात भेटीला जा.

आता मुलगा. जबरदस्तीनं नेऊ नका, आणि ‘आई आजारी आहे, तुझ्यामुळे बरी होईल’ असलं ओझं तर मुळीच टाकू नका. सोळा वर्षांचा पोरगा आहे. त्यानं बाप गमावला आणि आईही. त्याला राग असणार, तो त्याचा हक्क आहे. आधी त्याच्याशी घरात बोला, जमलं तर एखाद्या समुपदेशकाकडे त्याला एकट्याला बसवा. तो तयार झाला तर पहिली भेट काचेपलीकडून नको. महाराष्ट्रातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो, मुलांना आई-वडिलांना प्रत्यक्ष जवळ घेता येतं. कळंब्यातही तो झालेला आहे. तुमच्या बहिणीच्या कारागृहात तो कधी आहे ते विचारा. वयाची अट असेल तर अधीक्षकांना खास विनंती करून बघा. तो तयार नसेल तर व्हिडिओवरून, तेही नको असेल तर शाळेतलं एखादं प्रमाणपत्र किंवा त्याच्या अक्षरातल्या दोन ओळी पाठवायला त्याला विचारून घ्या. आणि बहिणीला खोटं सांगू नका. ‘तो येणार आहे’ असं सांगून तो आला नाही, तर ते न सांगण्यापेक्षा वाईट. ‘तो अजून तयार नाही, पण तुझ्याबद्दल विचारतो’ हे खरं असेल तर तेवढंच सांगा.

तुमच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, ‘मलाही झोप लागत नाही’. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तिथे तुमच्यासाठी फोन करा. मुलाखतीची नोंदणी ऑनलाइन होते, पोराला करायला सांगा. आणि अर्जाच्या पोचेची प्रत जपून ठेवा; आठ दिवसांत तपासणी झाली नाही तर तीच घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जायचंय.